बदकातला वडेवाला

आमच्या भिसेगावच्या घरात आतल्या खोलीला एकच खिडकी आहे आणि वारा येतो तो तेवढ्या एकाच वाटेने येतो. त्या खिडकीखाली पुरीचा पलंग असायला हवा. तिथे साईचं टेबल आहे. टेबलावर सोल्डरची गन, तारा, चिमटे, बारक्या-बारक्या कपॅसिटरांनी भरलेली हिंगाची रिकामी डबी, आणि मधोमध, देव्हाऱ्यात ठेवावा तसा, तो डबा.

डबा पानसुपारीचा. चपटा, स्टीलचा, दहिवलीच्या भांडीवाल्याकडून आणलेला. त्याच्या पोटात साईने हेडफोनचा अँप बसवलाय. म्हणजे असं, की फोनमधलं गाणं थेट मोठ्या हेडफोनात गेलं तर ते बिचारं जिना चढून आल्यासारखं दमलेलं वाटतं; मधे हा डबा लावला की त्याच्या अंगात जोर येतो. खिशात मावतो, बॅटरीवर चालतो. एवढंच त्याचं काम. पण त्या एवढ्याशा कामासाठी माझा नवरा, साईनाथ, दिवसभर खालापूरच्या कारखान्यात मीटर दुरुस्त करून घरी येतो आणि चहाच्या आधी डबा उघडतो. आधी पुरीचा पापा, मग डबा, मग मी. माझी तक्रार नाही. तिसऱ्या नंबरालाही तो बराच वेळ देतो.

पुरी म्हणजे आमची लेक. पाळण्यात ठेवलेलं नाव चांगलं भारदस्त आहे, पण गाल असे टम्म फुगलेले की त्या नावाने हाक मारायचा धीर कुणाला झाला नाही. अजून वर्षाची व्हायचीय. रांगते, धरून उभी राहते, आणि हल्ली ‘नाक कुठंय?’ विचारलं की समोरच्याचं नाक धरून पिळते. आपलं नाक तिला अजून सापडलेलं नाही.

साईचं दुखणं वेगळंच होतं. डब्याचा आवाज ऐकणारे घरात दोघंच, तो आणि मी.

“माझ्या कानांवर माझा विश्वास नाही,” तो म्हणायचा, “कारण डबा मी बनवलाय. आणि तुझ्या कानांवर नाही, कारण तुझं माझ्यावर प्रेम आहे.”

“हे तुला कोणी सांगितलं?”

“हर्षू, थट्टा नको. मला परके कान पाहिजेत. ज्यांना माझं तोंडसुद्धा माहीत नाही, असे.”

तसे कान चालून आले. ‘कानसेन कट्टा’ नावाचा एक ग्रुप आहे. मुंबई-पुण्याची हेडफोनवेडी माणसं. गाण्यापेक्षा ते कशातून ऐकलं याच्यावर जास्त बोलणारी. यंदाचं त्यांचं संमेलन दोन्हीकडच्यांना बरं पडावं म्हणून खालापूर तालुक्यात, चौक गावच्या रस्त्यावरच्या एका फार्महाऊसवर ठरलं. कार्यक्रम एकच: खिशातले सहा अँप, नावं झाकून, एकामागून एक ऐकायचे आणि कुठला सरस ते ठरवायचं. साईचा डबा सहावा म्हणून घेतला गेला. ते कळल्यापासून त्याचं जेवण गेलं. निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, “पहिल्या तिघांत आला तर टेबल राहील. नाही आला तर टेबल काढतो. हे सगळंच बंद. खिडकी पुरीची.”

“मी मागितली का खिडकी?”

“मागितली नाहीस म्हणूनच.”

आता मला सांगा, मी कुणाच्या बाजूने असायचं? डबा जिंकला तर माझं लेकरू घामाघूम झोपणार, हरला तर माझा नवरा रोज संध्याकाळी आधी चहा घेणार आणि त्यानंतर काय करायचं ते त्याला सुचणार नाही. रात्रभर मी एकदा या कुशीवर खिडकीची झाले, एकदा त्या कुशीवर डब्याची.

रविवारी सकाळी स्कूटरवरून पोचलो. पोटाशी पुरी, पाठीवर तिची पिशवी, साईच्या पाठीवर डब्याची. फार्महाऊसच्या ओटीवर टेकल्यावर कळलं की डब्याच्या जादा बॅटऱ्या, बॅटऱ्यांच्या जादा पिना, पिनांची जादा पक्कड, सगळं आलंय. डायपरचं पाकीट घरी राहिलंय.

“आवो, मग काय झालं?” फार्महाऊस सांभाळणाऱ्या विमलबाई म्हणाल्या. “माज्याकडं जुनं लुगडं हाय मऊ. लंगोट फाडते चार. आन बाय माजी, किती गं गाल तुजे! आयनं काय सोडा घातलाय का?”

पुरीने उत्तरादाखल त्यांचं नाक पिळलं. दोघींची तिथेच गट्टी झाली.

ओटीवर दहा-बारा माणसं जमली होती. त्यांचे म्होरके टिळेकर सर, पुण्याचे, कॉलेजातून निवृत्त झालेले. गळ्यात डॉक्टरांच्या नळीसारखा मल्टिमीटर. त्यांच्या शेजारी खोपोलीचा दशरथ. त्याचा अँप परदेशातून आलेला, चामड्याच्या पाकिटात बसणारा, आणि दशरथ त्याचा उल्लेख ‘साहेब’ असा करायचा. “साहेब गाडीत राहिले, आणतो.” आणि डोंबिवलीच्या नम्रता डॉक्टर, दातांच्या. त्यांनी हात पुढे केला तोही माझ्या तोंडाकडे बघत.

सरांनी सगळ्यांना बसवून नियम सांगितले.

“अँप दिसता कामा नये. दिसला की किंमत दिसते, आणि किंमत दिसली की कान लाचार होतात. दुसरं, सगळ्यांचा आवाज अगदी सारखा लावायचा. तसूभर मोठा वाजणारा अँप माणसाला चांगला वाटतो. चांगला नसतो, नुसता मोठा असतो. भलेभले इथे फसतात. म्हणून मी मीटरने मोजून सहाही नॉब जुळवणार, आणि जुळवलेल्या नॉबवर कागदी पट्टी चिकटवून त्यावर सही करणार.”

“सही कशाला, सर?” दशरथने विचारलं.

“तू मागच्या वेळी हलवला होतास म्हणून.”

सगळे हसले. दशरथही हसला, पण उशिरा.

मग सरांनी आपली बॅग उपसली आणि चेहरा पाडला. अँप झाकायच्या काळ्या पिशव्या पुण्यात दाराला अडकवलेल्या राहिल्या होत्या. रुमाल सुचवले गेले, पण ते सरकत होते. कुणीतरी मोजे काढायला लागलं, त्याला इतरांनी थांबवलं.

मी पुरीच्या पिशवीत हात घातला. टोपडी माझ्याकडे नेहमीच ढीगभर असतात. ती एक घालते, एक चोखते आणि बाकीची चालत्या स्कूटरवरून फेकते.

“ही चालतील का?”

सरांनी एक टोपडं हातात घेऊन ताणून बघितलं. पिवळं होतं, वर बदक होतं. “उत्तम,” ते गंभीरपणे म्हणाले. “नाडीही आहे.”

कुठल्या टोपड्यात कोण ते कुणालाच कळू नये म्हणून ते काम विमलबाईंवर सोपवलं. त्या स्वयंपाकघराचं दार लावून घेऊन बसल्या. बाहेर आल्या तेव्हा परातीत सहा अँप ओळीने बसलेले. बदक, ससा, स्ट्रॉबेरी, हिरवं ठिपक्यांचं, गोंड्याचं आणि लोकरीचं. चेहऱ्याच्या जागी पिनांची भोकं, आणि बरोबर नाकाच्या जागी नॉब. एकाच्याही हनुवटीखालची नाडी सैल नव्हती. आणि सहाच्या सहा टोपड्यांवर काजळाची तीट.

“तीट कशाला, मावशी?” नम्रता डॉक्टरांनी विचारलं.

“एवढी मोठी माणसं टक लावून बसनार. दिष्ट लागंल.”

सरांनी ओटीच्या कोपऱ्यात दोरीवर चादर टाकून आडोसा केला, परात मागे नेली आणि मीटर लावून एकेकाचं नाक जुळवलं, पट्टी चिकटवली, सही ठोकली. स्वतः ते मत देणार नव्हते. पिना बदलायचं कामही त्यांनी विमलबाईंनाच दिलं. “ज्याला यातलं काही घेणंदेणं नाही असं माणूस पाहिजे,” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ओळखलं आणि पुरीचा लंगोट बदलायला निघून गेले.

तोवर पानं वाढली गेली. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, कोंबडीचा रस्सा. मंडळी अशी जेवली की संमेलन त्यासाठीच होतं असं कुणालाही वाटलं असतं. साई तेवढा भाकरीचे तुकडे मोडत बसला होता. मी त्याला बळेच दोन घास भरवले, वळून बघते तर पुरी जागेवर नाही.

चादर वर केली. सहा टोपडी आणि सातवी ही. अंगणवाडीत ताईंची वाट बघत बसावं तशी त्यांच्यामधे फतकल मारून बसलेली. बदकाच्या डोक्यावर हात ठेवून त्याच्याशी काहीतरी बोलत होती. मला अगदी भरून आलं. मग तिला उचललं आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत भाताकडे घेऊन गेले.

जेवणानंतर ऐकणं सुरू झालं. एक खुर्ची, एक हेडफोन, पाळीपाळीने. ऐकायला तीन तुकडे: ढोलकी, एका बाईंचा संथ आलाप, आणि साईनेच एका पहाटे केलेलं कर्जत स्टेशनचं रेकॉर्डिंग, गाडी थांबल्यावर फलाटावर वडेवाल्यांच्या हाका. हे तिसरं सगळ्यांना फार आवडलं. चांगल्या अँपमधून म्हणे नुसती हाक ऐकू येत नाही, वडेवाला कुठे उभा आहे तेही कळतं.

मी पुरीला मांडीवर घेऊन खांबाला टेकले आणि असं काही ऐकत राहिले की हसू आवरायला तिच्या टाळूत तोंड खुपसावं लागलं.

“स्ट्रॉबेरी जरा कोंदट आहे,” नम्रता डॉक्टर डोळे मिटून म्हणाल्या. “अक्कलदाढ येत असल्यासारखी.”

“हिरव्यात वडेवाला माझ्या अगदी कानाशी उभा आहे,” कुणीतरी म्हणालं.

“सशात तो तीन डबे पुढे गेला!”

“विमलबाई, बदक लावा.”

“लावलं बगा.”

दशरथ खुर्चीत होता. बदक सुरू झालं आणि त्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. कुणी बोलतच नव्हतं. हेडफोन काढून तो उठला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

“खोली,” तो म्हणाला. “खोली आहे यात. विहीर आहे. वडेवाल्याच्या टोपलीतली मिरची ऐकू आली मला.”

“मिरचीला आवाज असतो?” मी न राहवून विचारलं.

“या बदकात आहे, वहिनी.”

नम्रता डॉक्टरांनी ऐकलं. “बापरे. किती मोकळं! बाकीचे तोंड मिटून गात होते हो.” एकेक जण बसत गेला, उठत गेला, आणि प्रत्येकाने बदकाला जे काही म्हटलं ते ऐकून मला वाटलं, हे आपण पुरीबद्दल म्हटलं तर लोक म्हणतील आई आहे, दुसरं काय म्हणणार.

शेवटी साई बसला. ससाच आपला डबा असणार, अशी त्याची सगळी आशा होती. ससा ऐकताना तो हळूच मान डोलावत होता ते मी लांबून बघितलं होतं. बदक लागलं. त्याने कपाळाला आठी घातली. पुन्हा ससा मागितला, पुन्हा बदक.

“हे मोठं वाजतंय,” तो म्हणाला.

“मोठं नाही हो, मोकळं,” नम्रता डॉक्टर म्हणाल्या.

“नाही. मोठं. थोडंसंच, पण मोठं. आणि आलापाच्या मधे काहीतरी पातळ आहे, ते त्या मोठेपणात लपतंय. ज्याने बनवलंय त्याला घाई झालेली दिसतेय.”

“साईनाथ,” दशरथ म्हणाला, “घरी जाऊन कान धू.”

“शक्यच नाही,” सर म्हणाले. “मी जुळवलंय. पट्टीवर माझी सही आहे.”

साई खुर्चीतून उठला. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा बदकासाठी सगळे हात वर गेले आणि त्याचा एकट्याचा खाली राहिला. दशरथने तर दोन्ही हात वर केले होते.

विमलबाई परात घेऊन बाहेर आल्या. सरांनी सांगितलं, “सोडा बदक.”

नाडी सुटली. टोपडं निघालं. आत दहिवलीचा पानसुपारीचा डबा.

ओटीवर एकदम हशा फुटला. “अरे, स्वतःच्या लेकराला नावं ठेवली!” “घाई झालेली दिसतेय म्हणे!” दशरथने साहेब कुठे म्हणून विचारलं. साहेब सशात होते, दुसरे आले होते. पण दशरथ दिलदार. त्याने साईला मिठी मारली. “मला एक बनवून दे. असाच. खोलीसकट.”

साई हसत होता, डोळे पुसत होता, माझ्याकडे बघत होता. मग तो धावत आला, माझ्या मांडीवरून पुरीला उचललं आणि दोन्ही हातांनी उंच, डोक्याच्या वर धरलं. “पुरी! जिंकलो गं आपण!”

आणि तिथे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, पुरीच्या लंगोटाच्या बुडाला, एक कागदी पट्टी चिकटलेली होती. तिच्यावर निळ्या शाईत सही.

सर जवळ आले. चष्मा वर केला. वाचलं.

“ही माझी सही आहे,” ते म्हणाले.

डब्याच्या नॉबवर पट्टी नव्हतीच. नॉब जुळवलेल्या जागेहून जरासा पुढे फिरलेला. साईने खाली घेतल्यावर पुरीने परातीतलं ते नाक बघितलं, वाकून पुन्हा धरलं आणि एवढ्या लोकांसमोर पिळून दाखवलं.

“विमलबाई!” सर ओरडले. “पट्टी नव्हती तर सांगितलं का नाही?”

“मला काय म्हाईत ती कशाला लावलीय?” विमलबाई म्हणाल्या. “मला वाटलं, लागलंय म्हनून पट्ट्या लावल्यात. ह्याची नव्हती, तवा म्हनलं ह्यो बरा झाला आसंल.”

चूक माझीच, मी तिला त्यांच्यात बसलेली बघितली होती, असं मी सांगितलं. पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे साईकडे बघत होते, कारण तो डबा हातात घेऊन म्हणत होता, “मग मी जिंकलो नाही.”

“असं कसं?” दशरथ म्हणाला. “सगळ्यांनी हात वर केले.”

“आवाज मोठा होता म्हणून केले.”

“छे! मी काय आवाजाला भुलणारा माणूस आहे? मी खोली ऐकली. विहीर.”

“मीही ऐकलं,” नम्रता डॉक्टर जरा चिडून म्हणाल्या. “मोठं असतं तर मला कळलं नसतं का? मी ड्रिलच्या आवाजावरून दात ओळखते.”

“आणि मिरची?” कुणीतरी म्हणालं. “मिरची काय नॉब फिरवून येते?”

अर्धा तास हेच. साई हरायला मागत होता आणि ही मंडळी त्याला हरू देत नव्हती. एकाने तर ग्रुपवर ‘बदक विजयी’ असं टाकूनही दिलं होतं, फोटोसकट. प्रत्येकाला बदक इतकं भावलं होतं की ते परत कसं घ्यायचं! साईचा चेहरा मात्र उतरत चालला. मला तो चेहरा माहीत आहे. पुरी पोटात असताना डॉक्टरांनी ‘सगळं नॉर्मल’ म्हटलं की हा पुन्हा विचारायचा, “म्हणजे नक्की किती?”

मी उठले. “सर, याला जिंकायचं नाहीये. याला कळायचंय. तुम्ही एवढे कान घेऊन आलात, ते नीट उसने द्या ना.”

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या सहीकडे.

“फेरचाचणी,” ते म्हणाले. “पुन्हा पहिल्यापासून.”

“आन भजी कुनी तळायची?” विमलबाईंनी कमरेवर हात ठेवले. “चारला भजी सांगितल्यात. मी पिना खुपसू का कांदा चिरू?”

कांदा दशरथने चिरला. दार लावून विमलबाईंनी टोपडी बदलली. कोण कुठे गेलं ते पुन्हा कुणालाच माहीत नव्हतं. सरांनी नाकं जुळवली आणि पट्ट्यांवर पट्ट्या अशा आडव्या-उभ्या चिकटवल्या की सहा जखमी पोरं एका परातीत पडल्यासारखी वाटावीत. पुरीचे दोन्ही हात मी माझ्या हातात धरून बसले. तिला तो खेळ वाटला.

यावेळी मात्र गंमत गेली. सगळे जण खुर्चीत बसायचे, ऐकायचे आणि काहीच न बोलता उठायचे. परत बसायचे. “हे आणि ते एकच आहे का हो?” नम्रता डॉक्टरांनी हळूच विचारलं. बदकात आता मिरची नव्हती. दशरथने कांद्याच्या हातांनीच डोळे पुसले, त्यामुळे ते ओले कशाने झाले ते कळलं नाही.

स्ट्रॉबेरीबद्दल तेवढं थोडं एकमत झालं.

“बाई दाराआड उभं राहून गातायत,” नम्रता डॉक्टर म्हणाल्या. “चांगलंय, पण मधे काहीतरी पातळ आहे.”

“वडेवाल्याची हाक ऐकू येते, वडेवाला दिसत नाही,” दशरथ म्हणाला.

साईने ऐकलं आणि मान डोलावली. “आलापाच्या मधल्या सुरांत. पाणी घातलेल्या वरणासारखं.”

हात वर झाले, मोजले गेले, नाड्या सुटल्या. पहिला दशरथचा साहेब. स्ट्रॉबेरी चौथी. स्ट्रॉबेरीत साईचा डबा.

मी साईकडे बघायला धजेना. बघितलं तर तो पुरीसारखा बसल्या जागी वर-खाली हलत होता.

“ऐकलंस? हर्षू, ऐकलंस? पातळ! त्यांनापण पातळ वाटलं! दिवाळीपासून मला तेच ऐकू येतंय. मला वाटत होतं पुरी झोपू देत नाही म्हणून भास होतोय. भास नाहीये! तो एक कपॅसिटर आहे, मला माहितीय कुठला. माझे कान बरोबर आहेत!” तो उठला, सगळ्यांना हात जोडले. “फार उपकार झाले.” आणि मग एकदम आठवून, अगदी साध्या आवाजात, “चौथा आला. घरी गेलो की टेबल काढतो.”

“कसलं टेबल?” सरांनी विचारलं.

मी सांगितलं. एक खिडकी, वारा, पलंग, साईने दिलेला शब्द.

आत तेलात भजी तडतडत होती.

“टेबल काढायचं?” दशरथ म्हणाला. “कपॅसिटर सापडलाय आणि टेबल काढायचं?”

“मग माझं लेकरू घामात झोपू देऊ?” मी म्हटलं.

“अजिबात नाही,” नम्रता डॉक्टर म्हणाल्या. “खोली किती बाय किती?”

आणि त्याच माणसांनी, ज्यांना आत्ता बदक आणि ससा वेगळे ओळखता आले नव्हते, आमच्या आतल्या खोलीचा नकाशा एका कागदी पट्टीच्या मागे काढायला घेतला. पलंग कोपऱ्यात नको, कोपऱ्यात रडण्याचा आवाज घुमतो. दोन्ही भिंतींपासून सारखं अंतर हवं. डोकं खिडकीकडे की पाय? डोकं खिडकीकडे केलं तर कर्जतहून सुटणाऱ्या गाड्या तिच्या उजव्या कानात जास्त येतील, त्याने पुढे जाऊन तिचा तोल बिघडेल. मागे जाड पडदा. खाली गोधडी, पण एकच. दोन घातल्या की खालचे सूर मरतात. “कुठले खालचे सूर?” मी विचारलं. “तिचे,” सर म्हणाले. टेबल आडवं, टेबल उभं, टेबल पलंगाखाली. प्रत्येक मांडणीवर हात वर होत होते. विमलबाईही मधे भज्यांचं ताट ठेवून मत देऊन गेल्या: “पोरीला आयच्या कुशीत घ्या आन बापाला पलंगावर निजवा.” त्यालाही तीन हात मिळाले.

साई माझ्याकडे बघत होता.

“बस करा,” मी म्हटलं. “पलंग खिडकीखाली. टेबल खिडकीबाहेरच्या बाल्कनीत. आणि हे कुणी मतांना टाकायचं नाही.”

“बाल्कनीत धूळ येईल गं,” साई हळूच म्हणाला.

“येऊ दे.”

“आणि पाऊस?”

“ताडपत्री लाव. कपॅसिटर तुला एवढा ऐकू येतो, ताडपत्री लावता येणार नाही?”

सरांनी मल्टिमीटर गळ्यातून काढून साईच्या गळ्यात घातला. का ते मला कळलं नाही. त्यांना बहुधा काहीतरी करावंसं वाटत होतं.

सोमवारी संध्याकाळी टेबल हललं. दारातून जाईना म्हणून पाय काढावे लागले, आणि परत लावताना त्यातला एक उलटा लागला. त्यामुळे टेबल डुगडुगतं. साई म्हणतो, हात डुगडुगत नाही ना, मग झालं. पुरीला खिडकी मिळाली, पण झोप म्हणाल तर नाही. ती पलंगावर उभी राहते, खिडकीचे गज धरते आणि पलीकडे ताडपत्रीखाली वाकून बसलेल्या आपल्या बापाला जोरजोरात हाका मारत सुटते. तो मान न वळवता सांगतो, “जरा पुढून बोलतेयस, दोन पावलं मागे हो.” ती हसून अजून मोठ्यांदा ओरडते.